हलकं पाऊल

प्रतिभाबाई गावंडे एसटीत कंडक्टर होत्या. सगळ्या नोकरीत त्यांनी दारूड्यांना, पुढाऱ्यांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला एकाच आवाजात गाडीतून खाली उतरवलं होतं. अशी बाई आपल्याच घरात ओली चादर पांघरून दुपारभर गप्प पडून राहते, हे त्यांच्या जुन्या ड्रायव्हरांना सांगूनही खरं वाटलं नसतं. पण अकोल्यात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या त्यांच्या गल्लीत, बहुतेक म्हाताऱ्या माणसांचा उन्हाळा आता असाच जात होता. भिंतीवर एसी असायचा आणि त्याच्याखाली माणूस ओल्या चादरीत.

कारण पावल्या. सरकारी नाव लांबलचक होतं, पण लोकांनी त्याला पहिल्याच महिन्यात पावल्या करून टाकलं, कारण तो प्रत्येकाचं कार्बनचं पाऊल मोजायचा. जुना मीटर घरानं किती युनिट ओढले एवढंच सांगत असे. पावल्या पुढचं सांगायचा. प्रत्येक यंत्राची वीज ओढायची आपली एक लकब असते. फ्रीज सुरू होताना उसळी घेतो आणि मग घुमत राहतो. इस्त्री एका झटक्यात सगळा भार उचलते, मिक्सर थरथरत ओढतो. पावल्या सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तपासायचा आणि भजनात पेटी कुठली, टाळ कुठला हे जाणता कान ओळखतो तसा एका तारेतून सगळ्या यंत्रांना वेगवेगळं ओळखायचा. घरात कोण आहे हे त्याला मोबाइलवरून कळायचं. म्हणजे इस्त्री चालू आहे एवढंच नाही, ती कुणाच्या नावावर धरायची हेही.

त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. युनिट तेच असलं तरी त्यामागचा धूर दिवसभर बदलत असतो. भर दुपारी माळरानावरच्या सौर पॅनेलमधून येणारी वीज त्यामानानं हलकी, पण तीही मोजली जायचीच. ऊन उतरलं, घरोघरी दिवे लागले, की कोळशाच्या भट्ट्या चढतात आणि तेच युनिट कितीतरी पट जड होतं. पावल्या ग्रिडकडून हे वजन सतत मागवून घ्यायचा आणि प्रत्येकाच्या नावावर चढवायचा.

महिन्याला माणशी एक वाटा ठरला होता, गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखा. तो संपला की पावल्या घराचा पुरवठा आखडायचा. दिवे, पंखे आणि फ्रीज तेवढे चालू. यानं धूर खरोखर कमी झाला होता, हे प्रतिभाबाईही मान्य करायच्या. खोट शिरली ती एका दयाळू कलमातून. न वापरलेला वाटा नात्यातल्या माणसाला देता येईल, असं ते कलम होतं. तान्ह्या बाळाच्या घराला आजीनं हातभार लावावा, असा हेतू. त्याला नातेजोड म्हणत. देणाऱ्याकडून चुकून जास्त वीज जळू नये म्हणून घेणाऱ्याला देणाऱ्याच्या पावल्यावर ताबाही मिळायचा, दुरूनच त्याची यंत्रं बंद करण्याइतका. बघता बघता पुण्या-मुंबईतल्या एकेका गार घराच्या मागं विदर्भातलं एकेक तापलेलं घर उभं राहिलं.

प्रतिभाबाईंचा मुलगा तेजस पुण्यात होता. तो, बायको सायली आणि बारावीच्या तयारीला लागलेली मुलगी इरा. तेजसनं जोड मागितली तेव्हा प्रतिभाबाईंनी दुसऱ्यांदा विचारायला लावलं नाही, लगेच अंगठा दिला. वर गल्लीत सांगितलंही, की आपली नात आपल्या वाट्याच्या गारव्यात अभ्यास करते. त्यांना अभिमान होता. रोज संध्याकाळी पावल्याकडून मोबाइलवर हिरवं पान यायचं, ‘तुमचं पाऊल हलकं आहे’ म्हणून, आणि त्या ते समोरच्या रुकय्या आपांना दाखवायच्या.

आपा एकट्या राहायच्या. त्यांचा वाटा औरंगाबादच्या पुतण्याकडे जात होता. दोघींची मैत्री भांडणावर उभी होती. नळ कुणाकडे आधी आला, कैरीचं लोणचं कुणाचं खारट, असली भांडणं. मे महिन्यात एका संध्याकाळी नळ आले आणि आपांच्या मोटरचा आवाज आला नाही. पाणी आठवड्यातून एकदा येणाऱ्या गावात हे होऊच शकत नव्हतं. प्रतिभाबाईंनी जाऊन दार ढकललं. खोलीत भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ आली. स्लॅबचं घर दुपारभर ऊन पितं आणि संध्याकाळी ओकतं, आणि नेमकी तेव्हाच वीज सगळ्यांत जड असते. आपा पलंगावर होत्या. अंग कोरडं आणि तापलेलं होतं, श्वास नव्हता. डॉक्टर नंतर म्हणाले की आधी माणूस बरळतं, माणसं ओळखेनासं होतं, मग घाम थांबतो, आणि घाम थांबला की हाताशी फार वेळ उरत नाही. त्या वेळी डोक्यावर कुणी तांब्याभर पाणी ओतलं असतं तरी फरक पडला असता.

आपांच्या उशाशी त्यांचा मोबाइल उजळला. प्रतिभाबाईंनी तो हातात घेतला. हिरवं पान आलं होतं. आजचं तुमचं पाऊल मोहल्ल्यात सर्वांत हलकं, अभिनंदन.

पुतण्या दफनाला आला आणि खरंखुरं रडला. जाताना त्यानं दाराशी थांबून, मान खाली घालून विचारलं, की महिना संपेपर्यंत आपांचा वाटा चालू राहतो ना, तुम्हाला काही माहिती?  प्रतिभाबाई घरी आल्या आणि त्यांनी एसीचं बटण दाबलं.

खोली जेमतेम निवायला लागली आणि एसी आपोआप बंद पडला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी फोन वाजला.

तेजस आधी काळजीच्या सुरात बोलला. बटण चुकून दाबलं गेलं का, असं त्यानं विचारलं. चुकून नाही म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. ही सहाची वेळ आहे, आत्ता एक तास एसी म्हणजे दुपारच्या कितीतरी तासांचं वजन, हे त्यानं लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. पंखा आहे, चादर आहे, माठ आहे.

“तू जन्मभर पंख्याखालीच राहिलीस ना आई? आताच काय झालं?”

“तवा रात्री तरी गार होत होत्या, तेजस,” त्या म्हणाल्या. “आता तो स्लॅब माह्या डोक्यावर आहे, तुह्या नाही. एसी चालू कर.”

त्यानं केला नाही. महिनाअखेर आहे, इराची सराव परीक्षा संपू दे, मग बघू म्हणाला. पुण्यात बसलेल्या पोरानं आपल्या खोलीतला गारवा बोटानं विझवला, ही गोष्ट प्रतिभाबाईंच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. गाडीत त्यांनी कुणाला घंटीच्या दोरीला हात लावू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या वीज कार्यालयात गेल्या आणि जोड तोडायचा अर्ज दिला. तिथली मुलगी चांगली होती. तिनं दोनदा विचारलं, की घरी बोलणं झालंय ना, कारण मुलाला लगेच संदेश जाईल. प्रतिभाबाई म्हणाल्या, जाऊ दे. अंगठा टेकवला, जोड तुटली. जिना उतरेपर्यंत पर्समध्ये फोन थरथरायला लागला होता. त्यांनी तो घेतला नाही. घरी येऊन एसी लावला आणि समोर खुर्ची टाकून बसल्या, तो बंद पडतो का हे बघत. पडला नाही. त्या खुर्चीतच झोपल्या.

तेजस शनिवारी स्वतः आला. किती महिन्यांनी आला हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे ते कुणी काढलं नाही. त्याच्या घरचा पुरवठा आखडला होता. इरा पंख्याखाली बसून अभ्यास करत होती, आणि सायलीचं घरून चालणारं कामही अडलं होतं. हे सगळं त्यानं सांगितलं. प्रतिभाबाईंनी वरण-भात वाढला, त्यानं ताट सरकवलं. तो म्हणाला, तू एकटी, आणि तिकडे तिघं आहेत. साधा हिशेब आहे. त्या म्हणाल्या, तिघांचे तीन वाटे आहेत, हाही साधाच हिशेब आहे.

“तू स्वार्थी झालीस,” तेजस म्हणाला.

“आपा मेली त्या दिवशी मी तुले फोन केला होता. तू काय म्हणाला, आठवते?”

त्याला आठवलं नाही. तो आठवायचा प्रयत्न करतोय हे चेहऱ्यावर दिसत होतं.

“‘अरेरे’ म्हणाला. आणि मग म्हणाला, पाणी पीत जा.”

तेजस उठला. गाडीची किल्ली चाचपत त्यानं शेवटचं अस्त्र काढलं. ठीक आहे, म्हणाला, सायलीची आई देईल. त्यांनी तर कधीचं स्वतःहून विचारलं होतं, मीच नको म्हणत होतो, कारण माझी आई आहे. त्यांना नातीची किंमत आहे.

वाशीमच्या उषाताई सरनाईक, म्हणजे विहीणबाई, हे नाव या घरात सहसा निघत नसे. उषाताईंचे यजमान कॉलेजचे प्राचार्य होते; ते गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. तेजसच्या लग्नात, भर पंगतीत, त्यांनी आपल्या जावांना ओळख करून दिली होती, “या आमच्या विहीणबाई, एसटीत तिकिटं फाडायच्या.” जावा हसल्या होत्या. ते हसू प्रतिभाबाई विसरल्या नव्हत्या आणि विसरायचा त्यांचा इरादाही नव्हता.

“देऊ दे तिले,” त्या म्हणाल्या. “प्राचार्याच्या बायकोले ऊन लागत नसन.”

तेजस न जेवता गेला. गाडी वळेपर्यंत प्रतिभाबाई दारात उभ्या राहिल्या, मग आत येऊन त्यांनी त्याचं ताट स्वतः जेवून टाकलं.

त्यानंतर पुण्याहून फोन बंद झाला. इराचाही. प्रतिभाबाईंनी ठरवलं होतं की आपल्याला त्याचं काही वाटत नाही, आणि दिवसा ते जमतही होतं. उन्हाची लाट आली. बातम्यांत तापमानाची यादी सांगताना अकोल्यामागून वाशीमचं नाव यायचं, आणि पहिल्यांदा ते ऐकताना त्यांना बरं वाटलं. बस म्हणावं आता मानानं. पण तीच बातमी पुन्हा आली तेव्हा त्यांना आपांची खोली आठवली आणि त्यांनी बातम्या बंद केल्या. जोड आपण तोडली, पण खोलीतली ती झळ काही विझली नव्हती. आपल्या छपराखालून निघून ती दुसरीच्या छपराखाली गेली होती. आणि जाताना तिला पत्ता आपणच दिला होता.

त्यांनी उषाताईंना फोन लावला. तो लावायला त्यांना दोन दिवस लागले.

उषाताई तुटकपणे बोलल्या. माझं घर गारच असतं, आमच्या ह्यांनी खिडक्या समोरासमोर ठेवून बांधलंय. मला एसीची सवय नाही, आणि असती तरी मुलीच्या तोंडचा घास मी काढला नसता. टोमणा नीट बसला. प्रतिभाबाई उलट काही बोलणार, तोच उषाताई म्हणाल्या, “ठेव आता सायली, दूध उतू जातंय माझं.”

“मी सायली नाही, विहीणबाई.”

माणसं ओळखेनासं होतं, हे डॉक्टरांचे शब्द प्रतिभाबाईंना आठवले. मग फोन बंद झाला.

प्रतिभाबाईंनी घराला कुलूप घातलं आणि वाशीमची पहिली मिळेल ती बस धरली. शेजाऱ्याला फोन करून सांगावं म्हटलं, तर वाशीमात त्या ओळखत होत्या ती एकच बाई होती. सायलीला लावला. तिनं उचलला नाही. गाड्या आता विजेच्या होत्या, आतून गार होत्या, आणि कंडक्टर पोरगी त्यांना ओळखून बाजूला येऊन बसली, पण पातूरचा घाट संपेपर्यंत प्रतिभाबाई सायलीलाच फोन लावत राहिल्या.

दार उषाताईंनीच उघडलं. साडी नेटकी, केस बांधलेले. चेहरा लाल आणि कोरडा ठणठणीत. कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता.

“तुम्ही कशा आलात?” त्यांनी विचारलं. जीभ जड होती. “बोलावलं कुणी?”

आत ओले पडदे वाळून कडक झाले होते. एसीवर भरतकाम केलेलं कापड होतं. प्रतिभाबाईंनी ते ओढून काढलं आणि बटण दाबलं. एसी सुरू झाला, आणि त्या वळेपर्यंत बंद पडला.

“होतो बंद,” उषाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं. “माझी सायली लगेच बंद करते. फार लक्ष असतं तिचं.” एवढं बोलून त्यांनी भिंत धरली.

प्रतिभाबाई स्वयंपाकघरात गेल्या, पाण्याची कळशी उचलून आणली आणि उषाताईंच्या डोक्यावर ओतली.

उषाताई किंचाळल्या. प्रतिभाबाईंनी त्यांना खाली बसवलं, दुसरी कळशी खांद्यांवर ओतली, पंखा जवळ ओढला आणि ओल्या टॉवेलनं मान, काखा पुसत राहिल्या. उषाताईंनी त्यांचे हात झटकले, नख मारलं. प्रतिभाबाईंनी टॉवेल पुन्हा ओला केला. बराच वेळ गेला. मग उषाताईंच्या वरच्या ओठावर घाम फुटला, आणि डोळे समोरच्या माणसावर स्थिर झाले.

“माझ्या घरात येऊन माझ्या अंगावर पाणी ओतलंत,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या घरात. तुमच्यासारख्या बाईनं.”

आता त्या नीट ओळखून अपमान करत होत्या. प्रतिभाबाईंना इतकं हायसं वाटलं की त्या तिथंच ओल्या फरशीवर बसल्या.

“चला माह्या घरी.”

“मी कुठंही येणार नाही. मी सायलीला शब्द दिलाय.”

“डॉक्टरकडे तरी चला.”

“नाही.”

“मग मीबी इथंच बसते.”

उषाताईंनी त्यांना दार दाखवलं. तुम्हाला मुलाची माया नाही म्हणून सगळ्यांनाच नसावी का, असं विचारलं. तुमच्यामुळे माझ्या मुलीच्या घरात अंधार झाला, म्हणाल्या. प्रतिभाबाई तक्क्याला टेकून ऐकत राहिल्या. स्लॅब तापत गेला. प्रवास, कळशा आणि उपाशी पोट यांनी त्यांना गाठलं. रक्तदाबाची गोळी अकोल्याला राहिली होती. डोळ्यांपुढं काजवे यायला लागले, कानांत घुमायला लागलं. त्यांनी माठातलं पाणी प्यायलं आणि पुन्हा येऊन त्याच जागी बसल्या.

 उषाताई त्यांना निरखून बघत होत्या.

“तुमचा चेहरा कसा झालाय बघा,” त्या शेवटी म्हणाल्या. “जा ना आता. तुम्हाला इथं काही झालं तर?”

“तर काय. तुमच्या जावा म्हनतीन, उषानं विहिणीले भाजून मारलं.”

उषाताई खुर्चीचा हात धरून उठल्या. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. बाहेर आल्या त्या कोरडी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन.

“मी तुमच्यासाठी येतेय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला पोचवायला. दोन दिवस, बास.”

आधी दवाखान्यात सलाइन लागलं, दोघींनाही, आणि शेजारशेजारच्या कॉटवर त्या एकमेकींकडे पाठ करून झोपल्या. मग अकोल्याच्या बसमध्ये उषाताई मुद्दाम एक सीट सोडून बसल्या.

अकोल्यात त्यांनी आपली खुर्ची भिंतीला लावून घेतली आणि पाहुणीसारख्या ताठ बसून राहिल्या. पाणी मागितलं नाही, दिलेलं नाकारलंही नाही. दोन दिवसांचे चार झाले, कारण निघायचं म्हटलं की चक्कर यायची आणि आली नाही तर प्रतिभाबाई पिशवी लपवून ठेवायच्या. यावर रोज भांडण व्हायचं. पण पावल्याला भांडणं मोजता येत नव्हती, माणसं मात्र येत होती. ज्या छपराखाली माणूस राहतं तिथं त्याचा वाटा धरायचा, आणि छप्पर बदललं की जुनी जोड रद्द, हा त्याचा नियम. ठरलेली मुदत भरली आणि उषाताईंचा वाटा अकोल्याच्या घरावर आला. पुण्याची जोड आपोआप निखळली.

सायलीचा फोन दुपारी आला. उषाताईंनी तो कानाला लावण्याआधीच तक्रार सुरू केली. तुझ्या सासूनं माझ्या डोक्यावर कळशी ओतली, मला धड निघू देत नाही, दवाखान्यात नेऊन सुया टोचल्या. बोलता बोलता त्या थांबल्या. पलीकडून सायली काय म्हणत होती ते प्रतिभाबाईंना ऐकू येत नव्हतं, पण उषाताईंचा चेहरा दिसत होता.

“दवाखान्यात,” उषाताई पुन्हा म्हणाल्या, हळू, जणू पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसेल. मग ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “हो, कळलं गं, तिकडचं बंद पडलंय. पण तू मला हे नाही विचारलंस की...”

वाक्य तिथंच राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी फोन कानावरून काढला आणि मांडीवर उलटा ठेवला.

प्रतिभाबाईंना खूप काही बोलता आलं असतं. इतक्या वर्षांत एवढी सोपी संधी मिळाली नव्हती. त्या उठल्या आणि त्यांनी दोघींसाठी चहा टाकला. एसी घुमत होता. बाहेर गल्लीत आपांच्या घराला कुलूप होतं आणि उन्हात एक माणूस नव्हतं.

उषाताईंनी चहा संपवला. कप खाली ठेवला. पदर खांद्यावरून ओढून घेतला.

“हा जो एसी चाललाय,” त्या म्हणाल्या, “यात माझाही वाटा जळतोय ना?”

“हो. अर्धा.”

“मग तेवीसवर कशाला ठेवलाय? थंडी वाजतेय मला.”

प्रतिभाबाईंनी रिमोट पुढं केला. उषाताईंनी चष्मा लावला, रिमोट लांब धरून, एकेक बटण वाचत सव्वीस केलं, आणि रिमोट परत न देता आपल्या खुर्चीच्या बाजूला ठेवला.